चौथ्या माळ्यावरची मंगळी

कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी ठाकरांची एक लहानशी वाडी होती. तिथल्या कोंडीनं लेकीचं लग्न ठरल्यावर एकच हट्ट धरला. मंगळीला सासरी धाडण्याआधी तिची नाळ जिथं पुरली आहे तिथं नेऊन तिला डोकं टेकवायला लावायचं. कोंडी स्वतः लग्न होऊन निघाली तेव्हा तिच्या आईनं तिला झोपडीच्या मागं करवंदीच्या जाळीशी नेलं होतं. इथं तुझा एक तुकडा ठेवलाय, त्याला सांगून जा, असं आई म्हणाली होती. कोंडीनं माती कपाळाला लावली आणि मगच ती मांडवात गेली. आपल्या लेकीनंही तसंच जावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यात अडचण काहीच नव्हती. पण मंगळीची नाळ वाडीत नव्हती, कशेळ्यात नव्हती, कर्जत तालुक्यातच नव्हती. ती होती मुंबईला, कोटातल्या एका सात मजली कचेरीच्या चौथ्या मजल्यावर, कोब्याच्या खाली.

ते कसं झालं ते सांगायचं तर मागं जायला हवं.

पहिली मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. कोंडीचं लग्न नवं होतं. तिचा नवरा पोशा कड्यावरचा मध काढण्यात वाकबगार होता. वेलीच्या दोराला धरून तो असा खाली उतरायचा की बघणाऱ्यानं मागं सरावं. कशेळ्याच्या बाजारात दहिवलीचा पदू मुकादम आला तो अशीच माणसं शोधत. मुंबईला मोठं काम निघालंय, बांबूच्या परांच्या बांधायच्यात, उंचीला न भिणारे गडी पायजेत, असं त्यानं सांगितलं. वाडीतले काही जण तयार झाले. पोशाही तयार झाला आणि कोंडी त्याच्या मागोमाग निघाली, कारण घमेली वाहायला बाया लागणारच होत्या.

तिथं गेल्यावर त्यांना दिसला तो एक भला मोठा खड्डा. खड्ड्यात पाणी, पाण्यात उभी माणसं, आणि मधोमध लोखंडाच्या सळयांची दाट झाडी. यातून घर उगवणार आहे हे कोंडीला खरं वाटेना. पण दिवाळीनंतर जायचं, पावसाच्या आधी नाचणी-वरईसाठी घरी यायचं, पुन्हा दिवाळीनंतर जायचं, असं करता करता ते घर उगवलं. समोरच्या अंगाला इंग्रजीत त्याचं नाव कोरलेलं होतं. ते वाचता येणारं टोळीत कुणी नव्हतं. ही माणसं त्याला आपली सातमाळी म्हणायची.

राहायला वेगळी जागा नव्हती. जो मजला भरून वाळला त्याच्यावर बिऱ्हाडं मांडायची, आणि वरचा मजला झाला की सामान उचलून वर जायचं. कोंडीचं घर असं वर वर सरकत गेलं. तीन विटांची चूल, गोणपाटाचा आडोसा, एक मडकं. खिडक्यांना अजून दारं नव्हती, त्यामुळं समुद्राचा वारा दिवसभर आरपार वाहायचा आणि भाकरी भाजताना जाळ आडवा व्हायचा. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी बंदराच्या पलीकडं डोंगरांची निळी रेघ दिसायची. पोशा परांचीवर बसून हात लांब करायचा आणि तिला ओरडून सांगायचा की तो माथेरानचा डोंगर, आपली वाडी त्याच्या मागं. मग खालून पदू मुकादमाची हाक यायची आणि पोशा हसत हसत सुंभ दाताखाली धरून पुढची गाठ मारायला लागायचा.

जसजशी इमारत चढली तसतशी परांची चढली. पोशा सगळ्यांच्या पुढं असायचा. जिथं अजून भिंत नाही, खांब नाही, तिथं हवेत आधी त्याचा बांबू उभा राहायचा. कोंडी खडीचं घमेलं डोक्यावर घेऊन फळीवरून चढायची तेव्हा तिला वर त्याचे पाय दिसायचे. ते दिसले की तिचं चित्त ठिकाणावर राहायचं.

मंगळी जन्मली ती दुसऱ्या वर्षी, माघात, भर दुपारी. त्या दिवशी मंगळवार होता, म्हणून मंगळी. कोंडी चौथ्या मजल्यावर घमेलं रिकामं करत होती तेव्हा कळ आली. कशेळ्याकडची धोंडूबाई तिथंच होती. तिनं चार गोणपाटं टांगली, पाणी तापवायला लावलं आणि बाकीच्या बायांना कामावर पिटाळलं. पोशा पाचव्या मजल्याच्या परांचीवरून उतरला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. पदू मुकादम कडक माणूस, पण त्यानं त्या वेळी खाली चाललेलं खडी फोडण्याचं काम थांबवलं. कोंडीला ते पुढं कायम आठवायचं. एवढ्या मोठ्या कामावर अचानक सगळं गप्प झालं, वाऱ्यानं गोणपाट फडफडलं, आणि त्या शांततेत पोर रडलं.

पुढं प्रश्न आला नाळेचा. धोंडूबाईनं ती एका बोळक्यात घातली आणि पोशाच्या हातात दिली. पुरायची कुठं? खाली उतरलं तर सगळीकडं दगड, डांबर आणि परक्याची जमीन. समुद्रात टाकायची नाही, असं धोंडूबाईनं बजावलं. चौथ्या मजल्यावर दुसऱ्या दिवशी कोबा घालायचा होता, त्यासाठी चुन्याचा आणि विटकरीचा भराव पसरून ठेवला होता. पोशानं हातानं भराव उकरला, बोळकं आत ठेवलं, वर पुन्हा भराव ओढला. दुसऱ्या दिवशी बाया रांगेनं बसल्या आणि लाकडी चोपण्यांनी गाणं म्हणत कोबा चोपू लागल्या. मंगळीच्या नाळेवर तिच्या आईच्या मैतरणींनी दिवसभर गाणी म्हटली. कोंडी गोणपाटाआड पोर कुशीत घेऊन पडली होती आणि ऐकत होती.

इथूनच नवरा-बायकोचं एक भांडण सुरू झालं, ते पुढं वर्षानुवर्षं चाललं. पोशा म्हणायचा, बोळकं जिन्याजवळच्या खांबाच्या पायथ्याशी ठेवलं. कोंडी म्हणायची, नाही, समुद्राकडच्या खिडकीखाली. तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण बायांचं गाणं खिडकीकडून येत होतं, आणि धोंडूबाईनं तिला मान वळवून त्याच दिशेला दाखवलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. पोशा म्हणायचा, अगं, ठेवली मी, आणि जागा तू सांगतेस? ती म्हणायची, त्या दिवशी तुमचे डोळे तरी ठिकाणावर होते का? नाचणी काढताना, सरपण फोडताना, पावसात झोपडीत कोंडून बसल्यावर हे भांडण निघायचं. ते त्यांना आवडायचं, कारण त्यामुळं त्या दिवसांबद्दल बोलता यायचं. वाडीतली माणसंही मुद्दाम विषय काढायची. मंगळीला तर सगळे चौथ्या माळ्यावरची म्हणूनच चिडवायचे.

सातमाळी पुरी झाली. गिलावा झाला, रंग झाला, आणि वरपासून परांची सुटत आली. जी बांधली ती पोशानंच सोडली. शेवटचा बांबू खाली आला तेव्हा सगळे रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. इतके दिवस जिच्या अंगाखांद्यावर राहिले ती इमारत परांचीशिवाय त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ती गुळगुळीत, उंच आणि कुणा दुसऱ्याची दिसत होती. मागच्या फाटकाशी प्रत्येकाला एकेक लाडू मिळाला. कोंडीनं अर्धा खाल्ला, अर्धा दुधाबरोबर कुस्करून मंगळीच्या तोंडात घातला, आणि मंडळी गावाला परतली.

त्यानंतर पोशानं एक-दोन लहान कामं केली, पण त्यात त्याचं मन लागलं नाही. मग तो वाडीतच राहिला. जंगलातला डिंक, मध, हिरडा, आणि पावसाळ्यात दहिवलीच्या शेतांवर लावणीची मजुरी. मंगळीच्या पाठीवर मूल झालं नाही. ती वाढली, उंच झाली, बापासारखी झाडावर चढायला लागली, आणि खालापूरकडच्या एका वाडीतल्या शुक्राशी तिचं लग्न ठरलं.

तर कोंडीनं हट्ट धरला. पोशा आधी हसला. कचेरीत आपल्याला कोण घेणार, असं म्हणाला. पण कोंडीच्या डोक्यात एक माणूस होता. पदू मुकादमाला इमारत पुरी झाल्यावर तिथंच जमादार म्हणून ठेवून घेतलं होतं. जिन्याखाली त्याला एक खोली होती, सगळ्या मजल्यांच्या चाव्या त्याच्याकडं असायच्या, आणि तो शिमग्याला न चुकता दहिवलीला घरी यायचा.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी कोंडी आणि पोशा दहिवलीला गेले. पदूची बायको गोदूबाई हिनं त्यांना पडवीत बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. पदू बाहेर आला. केस पार पिकले होते, पोट सुटलं होतं, पण आवाज तोच होता. बराच वेळ जुन्या माणसांच्या चौकशा झाल्या. धोंडूबाई गेली हे त्याला ठाऊक नव्हतं. मग कोंडीनं आपलं काम सांगितलं. पदू हसेल अशी तिची समजूत होती. तो हसला नाही.

तो म्हणाला, "रविवारी कचेऱ्या बंद असतात. पोरीला घेऊन या. मी फाटकात उभा राहीन."

मग त्यानं सातमाळीची हकिगत सांगितली. पहिली दोन वर्षं ती जवळजवळ रिकामीच होती. मुंबईत मंदी आली होती आणि एवढ्या मोठ्या जागेला भाडेकरू मिळेना. पदू एकटाच सात मजले झाडायचा आणि कबुतरं हाकलायचा. पुढं एक विमा कंपनी आली, तिनं तिसरा आणि चौथा मजला घेतला. मग कापसाचे दलाल आले, वकील आले, वरच्या मजल्यावर एक नकाशे काढणारा साहेब आला. आता तर सकाळी जिन्यात माणसांची रीघ लागते, म्हणाला. ही त्याची इमारत असल्यासारखा तो बोलत होता, आणि कोंडीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ठरल्याप्रमाणे रविवारी तिघं पहाटेच कर्जतला आली आणि गाडीनं बोरीबंदरला उतरली. मंगळीनं नवं लुगडं नेसलं होतं. पोशानं डोक्याला धुतलेलं फडकं बांधलं होतं आणि तो दोघींच्या पुढं ताठ चालत होता, जणू कालच इथून गेला असावा. पण दोन वळणं घेतल्यावर तो थांबला. रस्ते तेच असले तरी त्यांच्यावरची घरं बदलली होती. शेवटी एका हमालाला विचारावं लागलं.

पदू फाटकात उभा होता, अंगात खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला. त्यानं त्यांना पुढच्या दारानं आत नेलं. खाली संगमरवराची फरशी होती. कोंडीनं पायातली माती दारातच पुसली. जिना दिसला आणि तिला एकदम बरं वाटलं. लाकडी कठडा नवा होता, पण पायऱ्यांची चढण तिच्या पोटऱ्यांना ओळखीची होती. पदू विजेच्या पाळण्यातून नेतो म्हणाला, पण तिनं ऐकलं नाही. आपण चढूनच जायचं, असं म्हणून ती सगळ्यांच्या पुढं निघाली. प्रत्येक मजल्यावर ती मंगळीला सांगत होती. इथं आपली चूल होती. इथं धोंडूबाई पडली आणि तिचा दात पडला. इथं मुकादमानं सगळ्यांना शिव्या घातल्या. पदू मागून हसत येत होता.

चौथ्या मजल्याचं दार पदूनं उघडलं. आत टेबलांच्या रांगा होत्या, टेबलांवर कापडानं झाकलेली यंत्रं, छताला पंखे, भिंतीला उंच उंच कपाटं. शाईचा आणि जुन्या कागदाचा वास येत होता. जमिनीवर कोबा नव्हता, गुळगुळीत रंगीत लाद्या होत्या. पदू म्हणाला की त्या कोब्यावरच बसवल्यात, खालचा कोबा तसाच आहे. त्यावर कोंडीला हायसं वाटलं. ती खिडकीपाशी गेली. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. समोर दुसरी इमारत उभी राहिली होती, आणि तिच्या खिडक्यांतून अशीच टेबलं दिसत होती.

पोशा मात्र जिन्याच्या बाजूला गेला. बांबू मोजत असल्यासारखा तो एकेका खांबाला हात लावत चालला. शेवटच्या खांबाशी पोचला आणि थांबला. खांबाच्या पलीकडं जमीनच नव्हती. तिथं लोखंडी जाळीचं दार होतं, आणि जाळीच्या आत काळोखात जाड तारा खाली-वर गेलेल्या दिसत होत्या.

पदू जवळ आला. "हा दुसरा पाळणा," तो म्हणाला. "एक साहेबांना पुरायचा, बाकीच्यांना जिना. माणसं वाढली तसा चार वर्षांमागं हा बसवला. सगळ्या मजल्यांना इथं भोक पाडलं."

पोशानं जाळीतून बोटं घातली आणि आत बघत राहिला. कोंडी खिडकीपासून चालत आली. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं समजलं. इतकी वर्षं भांडत होती तरी मनातून तिला ठाऊक होतं की जागा पोशाला माहीत आहे. ठेवली त्यानं होती. त्याच्या बोटांनी भराव उकरला होता. तिनं पदूला विचारलं, की इथनं काढलेला राडारोडा कुठं गेला. पदूचा आवाज पडला. गाड्या भरून समुद्राकडं गेला, तिथं भरणी चालू होती, आता त्याच्यावर रस्ता झालाय, असं त्यानं सांगितलं. मला ठाऊक असतं तर मी ती जागा फोडताना तिथं उभा राहिलो असतो, असंही म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

मंगळी जाळीजवळ आली, आत डोकावली, मग आईकडं वळली.

"आये, मंग माझं इथं काय हाय?"

कोंडीनं लेकीच्या लुगड्याचा पदर उगाच नीट केला. हट्ट तिचा होता. तिनंच पोरीला एवढं लांब आणलं होतं, नवं लुगडं नेसवून, एक काळोखं भोक दाखवायला. तिचे डोळे भरून आले.

पोशानं जाळीतून बोटं काढली आणि धोतराला पुसली.

"नाय गं, माझंच चुकलं," तो म्हणाला. "आता जागा बघितली तवा ध्यानात आलं. तुजी आय म्हंती तेच खरं. खिडकीखाली ठेवली व्हती."

पदूनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. पोशा कुणाकडंच न बघता टेबलांच्या मधून चालत खिडकीशी गेला, उकिडवा बसला, आणि खिडकीखालच्या लाद्यांवर तळहात फिरवून एका लादीवर बोट ठेवलं. "हितं," तो म्हणाला.

मंगळी हसली. आई जिंकली म्हणून तिला मजा वाटली. ती पुढं झाली, गुडघे टेकले आणि लादीवर कपाळ ठेवलं. तिनं मनात काय म्हटलं ते तिलाच ठाऊक. कोंडीनं येताना पुडीत हळद-कुंकू आणलं होतं, ते चिमूटभर लादीवर वाहिलं. पदूनं टोपी काढून हातात धरली. सगळं झाल्यावर कोंडीनं लुगड्याच्या पदरानं लादी पुसून लख्ख केली, कारण उद्या तिथं कचेरी भरायची होती आणि पदूला कुणी बोल लावायला नको होते.

मग पदू त्यांना गच्चीवर घेऊन गेला. ऊन चढलं होतं पण वारा होता. तिथून सगळी मुंबई दिसत होती, बंदरातल्या आगबोटी दिसत होत्या, पण पलीकडं धुरकट होतं आणि डोंगर काही दिसले नाहीत. पोशानं तरी मंगळीला हात करून दिशा दाखवली. कोंडीनं भाकरीचं फडकं सोडलं. नाचणीच्या भाकरी, लसणाची चटणी, कांदा. पदूनं खालून पाण्याची घागर आणली आणि तोही त्यांच्यात जेवायला बसला. जेवता जेवता जुन्या गोष्टी निघाल्या. शेवटचा स्लॅब पडला त्या दिवशी टोळीनं इथंच ढोल वाजवून फेर धरला होता, आणि खालून जाणारा एक गोरा शिपाई टोपी मागं सारून बराच वेळ वर बघत राहिला होता. पदू म्हणाला, आता इथं नाचायला कुणी येत नाही, नकाशेवाला साहेब तेवढा संध्याकाळी विडी ओढायला येतो.

मंगळी कठड्याशी उभी राहून खाली बघत होती. ती ऐकत नाही असं पाहून कोंडीनं पोशाकडं मान वळवली.

"खिडकीखाली?" तिनं हळूच विचारलं.

"खिडकीखाली," पोशा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला.

कोंडीला वाटलं, या माणसानं माझ्याशी इतकी वर्षं भांडून एकदाही हार मानली नव्हती, ती आज मानली. मग तिनं आपल्या वाटणीचा कांदा उचलून त्याच्या भाकरीवर ठेवला.

उतरताना पदूनं त्यांना त्या दुसऱ्या पाळण्यातून खाली नेलं. मंगळीला बसायचंच होतं. जाळीचं दार सरकलं, चौघं दाटीवाटीनं उभी राहिली, आणि पदूनं दांडा फिरवला. पायाखालची जमीन सुटल्यासारखं होऊन कोंडीनं लेकीचा दंड धरला. पदू त्यांची भीती घालवायला बोलत राहिला. या पाळण्याला ना बैल ना माणूस, ही वीज, आणि वीज येते कुठून तर तिकडं खोपोलीहून. घाटावरचं पाणी मोठाल्या नळांतून खाली सोडतात, त्याच्या जोरावर ही मुंबई चालते, असं त्यानं सांगितलं.

"खोपोलीकडंच तर माझं सासर," मंगळी म्हणाली. "मंजे माझ्या सासरच्या पान्यावर चाललाय व्हय ह्यो?"

पदू मोठ्यानं हसला. कोंडीही हसली. तेवढ्यात सहावा, पाचवा असे मजले वर सरकत गेले, आणि चौथा मजला समोर आला. पोशा मागं उभा होता. कोंडीला दिसलं की त्यानं डोळे मिटले आणि जाळीला हळूच कपाळ लावलं. क्षणभरच. चौथा मजला वर निघून गेला. मंगळी पदूला काहीतरी विचारत होती, तिचं लक्ष नव्हतं. कोंडीनं नजर दुसरीकडं वळवली, आणि आपण ते पाहिलं हे तिनं त्याला कधीच कळू दिलं नाही.

लग्न थाटात झालं. पदू आणि गोदूबाई दहिवलीहून आले, मांडवात बसून जेवले. व्याह्यांनी पोरीची नाळ कुठं पुरली असं आपण होऊन विचारलं, कारण ती गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. मंगळीनंच पुढं होऊन सांगितलं. मुंबईला, चौथ्या माळ्यावर, खिडकीखाली. शुक्राला त्याचा फार अभिमान वाटला. पोशा त्या संध्याकाळी ढोल गळ्यात अडकवून इतका नाचला की दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना.

मंगळी गेल्यावर मात्र झोपडी रिकामी झाली. पावसाळा कसाबसा गेला. नाचणी आली, वरई आली, खाणारी दोनच तोंडं. दोघांच्यात भांडायचा तो एक विषय होता, तोही उरला नव्हता. कोणी वाडीतलं माणूस चिडवायला म्हणून नाळेची गोष्ट काढायचं, तर पोशा म्हणायचा, तिचंच खरं ठरलं, आणि कोंडी गप्प बसायची. गप्प बसणं तिला जड जायचं. कधी कधी सरपण फोडताना ती जुनं बोलणं तोंडावर आलेलं गिळून टाकायची. पोशालाही ते कळत असावं. तोही मग उगाच कोयत्याला धार लावत बसायचा.

दिवाळी झाली आणि कशेळ्याच्या बाजारात एक नवा मुकादम आला. समुद्रात भरणी करून केलेल्या जमिनीवर मोठमोठ्या इमारती निघाल्यात, परांचीला गडी पायजेत, बाया पायजेत, असं तो सांगत होता. पोशा गर्दीच्या कडेला उभा राहून ऐकत होता. आता त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. मुकादमाचं त्याच्याकडं लक्षही गेलं नाही, तो तरण्या पोरांशी बोलत होता.

घरी आल्यावर पोशानं ही बातमी सांगितली, तीही अशी की जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. आता आपल्याला वर चढवणार नाहीत, म्हणाला. खाली बांबू निवडायला, सुंभ भिजवायला, पोरांना गाठी शिकवायला माणूस लागतोच, असं मात्र त्यानं पुढं जोडलं. मग तो बराच वेळ चुलीतली लाकडं उगाच मागं-पुढं करत बसला.

कोंडीनं भाकरी तव्यावर उलटली.

"कवा निघत्यात?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

तिनं भाकरी उतरवली, हात झटकले आणि उठून बाहेर गेली. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. तिनं त्यांना एकेक करून पकडलं, डालग्यात कोंडलं, आणि डालगं उचलून ती जावेच्या झोपडीकडं निघाली. पावसापर्यंत यांना सांभाळ, अंडी तुझी, असं तिला सांगायचं होतं.